फोनिक्स पक्कं झालंय, पण वाचलेलं कळत नाही. घरी काय करून घेऊ?

मृदगंध (कराड)

नमस्कार मंडळी,

थोडं सविस्तर लिहिते, कारण नक्की कुणाला विचारावं ते सुचत नाहीये.

मुलगी पहिलीत आहे, साडेसहा वर्षांची. शाळा सेमी-इंग्रजी. मोठ्या गटात असतानाच तिला फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून शब्द वाचायला शिकवणाऱ्या, क्लासला घातलं होतं. एस, ए, टी, आय, पी, एन या आवाजांपासून सुरुवात झाली, आता एसएच, सीएच, डबल ई असलेले शब्दही जोडून वाचते. क्लासच्या बाई म्हणतात, तुमची मुलगी बॅचमध्ये सगळ्यात पुढे आहे.

परवा तिच्या छोट्या पुस्तकातलं वाक्य तिने घडाघडा वाचलं, "द रेड हेन इज इन द पेन." मी सहज विचारलं, "कोंबडी कुठे आहे गं?" तर माझ्याकडे नुसती बघत राहिली. पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा बिनचूक वाचलं. "कोंबडी" आणि "हेन" यांचा काही संबंध आहे हेच तिच्या गावी नव्हतं.

मग मराठीचं बघितलं. "रामूने बाजारातून पेरू आणले. आईने पेरू धुतले. सगळ्यांनी मिळून खाल्ले." एकेक अक्षर लावत तिने शेवटपर्यंत वाचलं, बराच वेळ लागला. विचारलं, रामूने काय आणलं? तर वरच्या चित्राकडे बघून म्हणाली, "पिशवी."

क्लासमध्ये विचारलं तर आकलनाच्या वर्कशीट्सचा गठ्ठा दिला. त्यात उतारा असतो आणि खाली प्रश्न. त्यांची उत्तरं ती बरोबर लिहिते! मग तोंडी विचारल्यावर का नाही सांगता येत?

मी पतसंस्थेत नोकरी करते, संध्याकाळी सातच्या पुढे मोकळी होते. दिवसभर ती सासूबाईंजवळ असते. रोज अर्धा तास देऊ शकते. कुणी शिक्षक असतील किंवा कुणाच्या घरात असं झालं असेल तर घरी करण्यासारखं काही सांगा. पुस्तकं विकत घ्यायची तयारी आहे.

सुतारपक्षी

माझ्या मते फार मनावर घेऊ नका. साडेसहा म्हणजे काही वय नाही. माझा मुलगा तिसरीपर्यंत अडखळत वाचायचा, आता सातवीत आहे आणि हातातलं पुस्तक सोडत नाही. मुलांना त्यांच्या वेगाने जाऊ द्यावं. क्लास बंद करा आणि तिला खेळू द्या.

निळीशाई

डोळे आणि कान एकदा तपासून घेतलेत का? आमच्या पुतणीला एका कानाने कमी ऐकू येत होतं, ते पहिलीत लक्षात आलं. तसं काही नसेल तर उत्तमच, पण आधी ते बघा.

माणदेशी बाई

मृदगंध ताई, मी माण तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली-दुसरी बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. तुम्ही लिहिलंय तसं एखादं मूल दरवर्षी वर्गात असतंच, त्यामुळे जरा लांबण लावते.

निळीशाई यांचं म्हणणं बरोबर आहे, ती तपासणी करूनच घ्या.

मग एक गोष्ट आजच करा. रामूचा तो उतारा, पुस्तक तिला न दाखवता, तुम्ही स्वतः तिला वाचून दाखवा, नेहमीच्या बोलण्याच्या वेगाने, आणि तेच प्रश्न विचारा. नंतर कोंबडीचं इंग्रजी वाक्यही तसंच वाचून दाखवा आणि विचारा. तिला काही वाचायला लावू नका, फक्त ऐकू द्या. माझा अंदाज आहे की मराठीची सगळी उत्तरं ती पटापट देईल आणि इंग्रजीचं एकही देणार नाही.

असं का, ते सांगते. गफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी १९८६ मध्ये एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं म्हणजे लिहिलेलं उकलता येणं (अक्षरांवरून शब्द वाचता येणं) गुणिले ऐकलेली भाषा समजणं. इथे गुणाकार आहे, बेरीज नाही. दोहोंतलं एक शून्य असेल तर दुसरं कितीही असो, उत्तर शून्यच येतं. तुमच्या मुलीचं इंग्रजीत उकलणं चांगलं आहे, पण ती भाषाच कानावर नाही. मराठीत याच्या उलट आहे. आजीबरोबर दिवसभर बोलून भाषा भरपूर आहे, पण उकलणं इतकं हळू चाललंय की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात डोक्यातून गेलेली असते. "रा... मू... ने..." करत "आणले" पर्यंत यायला एवढा वेळ लागला तर "पेरू" कुठून लक्षात राहणार? मग ती चित्र बघून उत्तर देते. आळस किंवा दुर्लक्ष यात काही नाही. वरून दोन्हीकडे "कळत नाही" असंच दिसतं, पण कारणं दोन आहेत, म्हणून उपायही दोन. एकच वर्कशीट दोन्हीला चालणार नाही.

वर्कशीटचं आधी सांगून टाकते, कारण तुम्ही तोच प्रश्न विचारलाय. हे वाचा: "गंपूने टिरकी लुंबली आणि झोपाळ्यावर ठेवली." आता सांगा, गंपूने काय लुंबली? टिरकी. कुठे ठेवली? झोपाळ्यावर. तुमची दोन्ही उत्तरं बरोबर आली आणि टिरकी म्हणजे काय हे तुम्हालाही माहीत नाही, मलाही नाही. उताऱ्यातले शब्द शोधून प्रश्नाशी जुळवले की मार्क मिळतात. पहिलीच्या मुलांना हे फार लवकर जमतं. म्हणून कळलंय की नाही हे बघायचं असेल तर उत्तर उताऱ्यात जसंच्या तसं सापडता कामा नये. मुलाला काहीतरी करावं लागलं पाहिजे, नाहीतर ठरवावं लागलं पाहिजे.

आता मराठी.

पहिला अडथळा बहुतेक अक्षरं सुटी वाचण्याचा असेल. "गडबड" हा शब्द ती ग, ड, ब, ड असा चारही अक्षरांत पूर्ण अ घालून वाचत असेल. आपण बोलताना तसं कुठे म्हणतो? आपण "गड्‌बड्‌" म्हणतो. मुलाच्या तोंडून जो आवाज निघतो तो त्याच्या कानाने कधी ऐकलेलाच नसतो, मग शब्द ओळखीचा वाटणार कसा? "कमळ", "सरबत", "बडबड", "कापड", सगळीकडे हेच होतं. म्हणून माझ्या वर्गात प्रत्येक नवं वाक्य तीनदा वाचायचं असतं. एकदा फोडून, एकदा जोडून, एकदा बोलल्यासारखं. तिसऱ्या वेळी मुलाने पुस्तकातून मान वर करून, समोरच्याला सांगितल्यासारखं ते वाक्य म्हणायचं. बहुतेकांना त्या तिसऱ्या वेळी कळतं आणि चेहऱ्यावर दिसतंच, "अरे, हे असं आहे होय!" ही तिसरी वेळ घरी कुणी करून घेत नाही. शब्द उच्चारला की आपण लगेच "शाब्बास" म्हणून पुढे सरकतो.

दुसरं, मात्रेवर अर्थ अवलंबून आहे हे तिला जाणवलं पाहिजे. काका, काकी, काकू. एकेक चिठ्ठी करा आणि घरातले फोटो समोर ठेवा. चिठ्ठी वाचून त्या माणसाच्या फोटोवर ठेवायची. पुढचा संच स्वयंपाकघरात आहे: मीठ, माठ, मूठ. आणखी एक, पळी, पोळी, पोळा. पहिलं अक्षर बघून अंदाज बांधणारं मूल इथे अडतं आणि नीट बघायला शिकतं. वाक्यही करता येतं, "आई तव्यावर ____ भाजते", आणि खाली हेच तीन शब्द. पोळा निवडला तर रागवू नका, वाक्य म्हणून दाखवायला सांगा. "आई तव्यावर पोळा भाजते" हे कानावर पडलं की ती स्वतःच हसेल आणि बदलेल.

तिसरा खेळ माझ्या वर्गात सगळ्यांत लाडका आहे. "वाच आणि कर." कागदाच्या पट्ट्यांवर छोट्या आज्ञा लिहायच्या आणि डब्यात टाकायच्या. मुलाने पट्टी काढायची, मनातल्या मनात वाचायची, कुणाला दाखवायची नाही आणि तसं करायचं. बाकीच्यांनी ओळखायचं, पट्टीवर काय असेल. सुरुवातीला "नाक धर", "मान हलव", "दार लाव". मग "वाटीत दोन शेंगा ठेव". मग "एक शेंग आजीला दे, एक तू खा". मग "वाटी पलंगाखाली ठेव आणि गप बस". यात तुम्हाला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. शेंग आजीला मिळाली की वाक्य कळलं. दोन्ही स्वतःच खाल्ल्या तर पट्टी पुन्हा वाचायला द्यायची. पट्ट्या लिहिताना एवढंच पाळा की तिला न शिकवलेलं अक्षर त्यात येऊ देऊ नका. जोडाक्षरं अजून पक्की नसतील तर "चष्मा" नको, "डब्यात" नको. उकलण्यावर सगळी शक्ती खर्च झाली की अर्थासाठी काही उरत नाही.

चौथं, खरं की खोटं. "बैल दूध देतो." "मेंढीला लोकर असते." "रात्री ऊन पडतं." "आजी आईची सासू आहे." शेवटच्या वाक्याला आमची मुलं बराच वेळ विचार करतात, बोटांवर नाती मोजतात. नंतर "कशावरून?" हे जरूर विचारा.

थोडं जमायला लागलं की न लिहिलेलं काढून घ्यायचं. "बाबा घरी आले. बूट भिजले होते. आजी धावत गेली आणि दोरीवरचे कपडे काढले." बाहेर काय चाललं होतं? "पाऊस" हा शब्द कुठेही नाही. ज्याला कळलं तोच सांगू शकतो. असे तीन-तीन ओळींचे उतारे तुम्ही घरच्याच गोष्टींवर सहज लिहाल. विकतची पुस्तकं लागणार नाहीत.

चित्राबद्दलही सांगते. ती चित्र बघून उत्तर देते म्हणालात ना? वाचून होईपर्यंत चित्र कागदाने झाका. वाचल्यावर तिला विचारा, "आता चित्रात काय असेल?" मग कागद काढा. पिशवी दिसली आणि पेरू दिसले नाहीत तर म्हणा, पेरू कुठे असतील बरं?

एक जागा मला शिकवताना दरवेळी नव्याने आवडते. "चार गाईंना चारा घाल" हे वाक्य तुम्ही मोठ्याने वाचून बघा. दोन्ही शब्दांची सुरुवात "चा" या एकाच अक्षराने होते, पण आकड्यातला च वेगळा आणि वैरणीतला च वेगळा. तो कुठे कसा म्हणायचा हे अक्षर सांगत नाही, वाक्याचा अर्थ सांगतो. मूल आधी दोन्हीकडे एकच च लावतं, थबकतं, मागे जातं आणि दुरुस्त करतं. ते मागे गेलं म्हणजे त्याला वाक्य कळलंय. फळ्यावर मी हे वाक्य मुद्दाम लिहिते आणि कोण मागे जातं ते बघते. तेवढ्यावरून मला समजतं की या मुलाला आता पुस्तक हातात द्यायला हरकत नाही.

इंग्रजीचं थोडक्यात. इंग्रजी फोनिक्सची रीत ज्या मुलांच्या घरात इंग्रजी बोललं जातं त्यांच्यासाठी तयार झाली. ते मूल सुटे आवाज जोडून "मॅट" म्हणालं की त्याला कानाने ओळखू येतं, अरे ही तर दारातली मॅट. आपल्या मुलाच्या कानात तो शब्दच नसतो. म्हणून क्रम उलटा करा. आधी वस्तू, मग बोलणं, मग वाचणं. पॅन, टिन, पिन, नट, कप हे सगळं तुमच्या घरात आहे. आठवडाभर फक्त बोलून खेळा, "गेट द कप", "टॅप द टिन". कळायला लागलं की तीच वाक्यं पट्टीवर लिहून डब्यात टाका. अर्थ मराठीत विचारा आणि मराठीत सांगितला तरी पूर्ण बरोबर धरा. आणि "हेन इन द पेन" तिला कळलं नाही यात तिचा काहीच दोष नाही. तिथे पेन म्हणजे कोंबड्यांचं कुंपण. तिला ठाऊक असलेलं पेन दप्तरात असतं.

सुतारपक्षी, तुमच्या मुलाला गोडी लागली हे वाचून बरं वाटलं, आणि खेळू द्या हे मलाही मान्य आहे. पण नुसतं थांबा असं मी सांगणार नाही. "असर" ही मुलांना कितपत वाचता येतं, गणित येतं ते बघणारी पाहणी आहे. २०२२ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त २०.५ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला होता. कोरोनामुळे शाळा बंद असण्याचा काळ नुकताच होऊन गेला होता हे खरं, पण २०१८ मध्येही हा आकडा २७.३ टक्केच होता. आपोआप सगळं जमत असतं तर असं दिसलं नसतं. आणि तिसरीनंतर गणित, परिसर अभ्यास सगळं वाचूनच शिकायचं असतं. पहिलीत रोज वीस मिनिटं दिली तर पुढचे खूप हाल वाचतात.

थेम्सकाठची

माणदेशी बाईंचा प्रतिसाद वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. आम्ही इंग्लंडमध्ये असतो. इथे सरकारी शाळांत २०१२ पासून पहिल्या इयत्तेच्या शेवटी, जूनमध्ये, फोनिक्सची एक तपासणी होते. शिक्षक एकेका मुलाला जवळ बसवून ४० शब्द वाचायला देतात. त्यांतले २० शब्द खरे आणि २० शब्द मुद्दाम बनवलेले, ज्यांना काहीच अर्थ नाही. त्यांच्यापुढे परग्रहवासी प्राण्यांची चित्रं असतात, म्हणजे मुलांना कळावं की हा खरा शब्द नाही. मुलाला शब्द आधीपासून पाठ आहे की खरंच आवाज जोडून वाचतोय, हे कळण्यासाठी ती युक्ती आहे आणि त्या कामासाठी मला ती पटते. पण त्या तपासणीत अर्थाचा काही संबंधच नाही, हे इथल्या पुष्कळ आपल्या पालकांच्या लक्षात येत नाही. "चाळीसपैकी अडतीस" कळलं की वाचन झालं असं धरून चालतात.

माझ्या मुलाचं तुमच्या मुलीच्या बरोब्बर उलट आहे. इंग्रजी तो शाळेत दिवसभर बोलतो, त्यामुळे फोनिक्सने शब्द उकलला की अर्थ लागतोच. रविवारी मराठी शाळेला जातो. देवनागरी अक्षरं छान वाचतो, रफारसुद्धा चुकत नाही. पण "शेतकऱ्याने बैलांना वैरण घातली" हे स्पष्ट वाचून मला विचारतो, "आई, याने काय केलं?" वैरण त्याने पाहिलेली नाही, ऐकलेली नाही. बाईंनी सांगितलेला गुणाकार आमच्या घरात मराठीच्या बाजूने शून्य होतो.

आम्हाला उपयोग झाला तो रात्री मोठ्याने वाचून दाखवण्याचा. तो स्वतः वाचू शकेल त्यापेक्षा बरीच अवघड गोष्ट निवडते, मध्येच थांबते आणि विचारते, आता हा काय करेल? कुठलाही शब्द अडला की पुस्तक बाजूला ठेवून बोलतो. सुट्टीत भारतात गेलो तेव्हा मामाच्या गोठ्यात वैरण हातात घेऊन बघितली, त्यानंतर तो शब्द कधी विचारला नाही. मृदगंध, तुमच्याकडे सासूबाई आहेत. आमच्याकडे सगळ्यात जास्त उणीव आहे ती याच गोष्टीची. दिवसभर मराठीत बोलणारं मोठं माणूस घरात असणं फार मोलाचं आहे.

मृदगंध (कराड)

सगळ्यांचे मनापासून आभार. डोळे-कान तपासले, दोन्ही ठीक आहेत.

माणदेशी बाई, तुम्ही सांगितलं तसं उतारा वाचून दाखवला. मराठीची सगळी उत्तरं आली, वर "त्यांनी पेरूला तिखटमीठ लावलं का?" असा प्रश्न तिनेच मला केला. इंग्रजीत काही नाही. म्हणजे अगदी तुम्ही म्हणालात तसंच निघालं.

पट्ट्यांचा डबा सुरू केलाय. "आजीचा हात धर" ही पट्टी तिने पुन्हा पुन्हा डब्यात टाकून काढली. तीच हवी होती तिला.

आता दोन शंका. सासूबाई म्हणतात, आधी बाराखडी पाठ करून घ्या, आमच्या वेळी तसंच होतं. करून घेऊ का? आणि दुसरं, शाळेत आता जोडाक्षरं सुरू होतील, ती अजून साध्या शब्दांत रमलीये. मागे पडेल अशी भीती वाटते. पहिलीच्या मुलाला नक्की किती आलं पाहिजे?

माणदेशी बाई

ताई, तिखटमीठाचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. वाचलेल्यावर मूल स्वतः प्रश्न विचारतं तेव्हा अजून काय पाहिजे?

किती आलं पाहिजे ते आधी सांगते, म्हणजे तुमची भीती कमी होईल. लहान मुलांना वाचन आणि आकडेमोड नीट यावी यासाठी केंद्र सरकारचा "निपुण भारत" कार्यक्रम जुलै २०२१ मध्ये सुरू झाला. त्यात पहिलीच्या अखेरीस मुलाने चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं, आधी न पाहिलेल्या मजकुरातून, वाचावीत एवढीच अपेक्षा आहे. तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून. तुमची मुलगी मागे नाही. शाळेत जोडाक्षरं येऊ द्यात, ती तिथे ओळखेल, लिहील. घरचा डबा मात्र तिच्या वेगाने चालू द्या. जोडाक्षर आणायचं तर तिच्या तोंडात असलेल्या शब्दातून आणा. "पुस्तक", "कुत्रा", "दप्तर", "चष्मा" हे शब्द ती रोज बोलते. "ज्ञ" चा शब्द पहिल्याच आठवड्यात कशाला?

बाराखडी आजींबरोबर गाऊ द्या, त्यात काही वावगं नाही. ताल चांगला असतो, मुलांना आवडतो. फक्त तिच्यावर वाचन उभं करू नका. बाराखडी पाठ असलेली मुलं मी बघितली आहेत. "कू" दाखवला की मनात क, का, कि, की, कु, कू असं म्हणत तिथपर्यंत पोहोचतात. मधूनच एखादं अक्षर दाखवून ओळखता आलं तर ते येतं असं समजा. त्यासाठी फार काही नको. क, म, ल, स, र अशी पाच अक्षरं आणि आ, ई, ऊ, ए, ओ या पाच मात्रा सुट्या कागदांवर लिहा आणि तिला शब्द बनवू द्या. बनलेला शब्द खरा की नुसता आवाज, हे तिने ठरवायचं. "मूल" खरा, "मोर" खरा, "सूर" खरा, "लोक" खरा, "रूस" झाला तर आजींना विचारू द्या. रुसणं त्यांना चांगलं समजावता येईल.

आजींचा याहून मोठा उपयोग आहे, म्हणून हे शेवटी ठेवलं. आजींनी सांगितलेली गोष्ट संध्याकाळी मुलीने तुम्हाला सांगायची. तुम्ही तिचेच शब्द, ती बोलेल तसे, वहीत मोठ्या अक्षरात लिहायचे. तीन-चार वाक्यं पुरेत. आणि ती वही तिचं वाचनाचं पुस्तक. यातलं सगळं तिला आधीच कळलेलं असतं, वाक्यं तिच्या तोंडची असतात, त्यामुळे उकलायला फारसं जड जात नाही. तिसऱ्या वाचनाला ती बोलल्यासारखं वाचते की नाही बघा.

आमच्याकडे मेंढपाळांची मुलं आहेत. पुस्तकातलं "म्हैस" वाचून एक मुलगा मला म्हणाला होता, हा कोणता प्राणी, बाई? घरी ते "म्हस" म्हणतात. त्याने सांगितलेल्या गोष्टीत मी "म्हस" च लिहिलं, "कालवण" लिहिलं, "पानी" लिहिलं. तो ते एका दमात वाचून मोकळा झाला. पुढच्या पानावर तीच गोष्ट पुस्तकातल्या भाषेत लिहिली आणि दोन्ही पानं शेजारी ठेवली. "म्हस" आणि "म्हैस" त्याने बोटाने जुळवले. "पानी" आणि "पाणी" मधला फरक तर त्याने मला दाखवला. "न" आणि "ण" त्याच्या बोलण्यात एकच आहेत, पण दोन पानांवर ते वेगळे दिसतात हे त्याच्या डोळ्यांनी टिपलं. तुमच्या सासूबाईही काही शब्द त्यांच्या पद्धतीने म्हणत असतील. ते तसेच लिहा, दुरुस्त करू नका. पुस्तकातलं रूप शेजारच्या पानावर येऊ द्या.

वही आडव्या रेघांची, जरा रुंद ओळींची घ्या. दोन शब्दांत बोटभर जागा सोडा, आणि गोष्ट डाव्या पानावर लिहून उजवं पान चित्रासाठी कोरं ठेवा. पुस्तकातलं रूप त्याच उजव्या पानावर खाली दोन ओळींत बसतं. चित्र मात्र तिने वाचून झाल्यावरच काढायचं.